त्या वर्षीचं भरीत

आमच्या घरात आषाढी एकादशीपासून चंपाषष्ठीपर्यंत कांदा, लसूण आणि वांगं येत नाही. येत नाही म्हणजे नाही. सासर पुरंदरचं, कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि सासूबाई अशा, की चातुर्मासात शेजारणीच्या फोडणीत लसूण पडला तरी आमची खिडकी लावून घेतील. बाकीच्यांचा चातुर्मास कार्तिकीला सुटतो, आमचा खंडोबा आणखी थोडा ताणून धरतो. गावी हे सगळं खपून जातं, कारण अख्खी आळीच तशी. पण आमचे हे पडले फौजेत, बदली झाली जयपूरला, आणि जयपूर हे शहर कांद्याच्या कचोरीवर जगतं. दूध आणायला निघा, कोपऱ्यावर कचोरी. बँकेच्या कामाला सी-स्कीमला जा, तिथंही कचोरी. लेकीला क्लासला सोडायला प्रताप नगरला गेलं की क्लासच्या दारातच कढई. त्या वासातून नाक मुठीत धरून रोज जायचं आणि घरी येऊन दुधीची भाजी खायची.

लेक तेव्हा आठवीत होती. तिचं मराठी निम्मं हिंदी. तिनं एकदा आजीला विचारलं होतं, "आजी, मतलब कचोरी खाल्ली तर खंडोबाला कळतं?" आजी म्हणाल्या, त्याला नाही कळलं तरी मला कळतं. विषय संपला.

पण खरं सांगू का, या उपासमारीत एक मजा होती. चंपाषष्ठीचा दिवस उजाडला की आमच्या घराचं लग्नघर व्हायचं. भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यावर हिरवीगार कांद्याची पात, बाजरीचा रोडगा, आणि सोबत बुक्कीनं फोडलेला कांदा. इतक्या महिन्यांनी तो पहिला घास तोंडात गेला की डोळ्यांत पाणी यायचं. कांद्याचं की सुखाचं, कोण विचारतंय. ज्यांच्या घरी बारा महिने वांगं शिजतं, त्यांना त्यातलं काही कळायचं नाही.

मात्र जेवणाआधी तळी उचलायची. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा, म्हणजे जेजुरीची हळद, ठेवायची. पाच पुरुषांनी सभोवती बसून ते ताम्हन धरायचं आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत तीनदा वर उचलायचं. त्यातला पहिला हात घरच्या कर्त्याचा. गावी पाच पुरुष जमवायला काय लागतं? अंगणात उभं राहून हाक मारली की पंधरा येतात. जयपूरच्या मिलिटरी स्टेशनात मात्र यांना दोन दिवस आधीपासून मराठी पोरं हेरून ठेवावी लागायची. एक साताऱ्याचा, एक नगरचा, एक कोल्हापूरचा. एका वर्षी चौथा मिळेना, तेव्हा यांनी मेसमधल्या केरळच्या आचाऱ्याला पकडून आणलं. त्यानं मन लावून तळी उचलली, भरीत तीनदा मागून खाल्लं, आणि पुढच्या वर्षी न बोलावता हजर झाला.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि सीमेवरचं वातावरण बिघडलं. यांचं युनिट पुढे गेलं. कुठे गेलं, किती दिवसांसाठी गेलं, हे आम्हाला कुणी सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. एका सकाळी हे बूट घालून निघाले, लेकीच्या डोक्यावर टपली मारली, मला म्हणाले की गॅसचा नंबर लावून ठेव, आणि गेले. आमच्या क्वार्टरांच्या ओळीत बायका, पोरं आणि म्हातारी माणसं तेवढी उरली. साताऱ्याचा, नगरचा, कोल्हापूरचा, सगळे गेले. केरळचा आचारीही गेला. फोन यायचा तो कधीमधी, मिनिटभर. बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवी अफवा. मी तो ग्रुप बंद करून टाकला आणि दर अर्ध्या तासानं पुन्हा उघडून बघायला लागले.

सासूबाई दिवाळीला म्हणून आल्या होत्या, त्या राहिल्या. यांच्या आईंना मी आईच म्हणते. आमचं दोघींचं बरं चालतं, म्हणजे रोज एकदा भांडण होतं आणि रोज मिटतं. मी तापट, त्या हट्टी. दिवसभर आम्ही घर घासूनपुसून लख्ख करायचो, कारण दुसरं करायला काही सुचत नव्हतं. दुपारी गच्चीवर उन्हात बसायचो. जयपूरचं थंडीतलं ऊन म्हणजे माहेर. तिळाची गजक खायची, शेंगा फोडायच्या, समोरच्या घरातल्या, इथल्याच शेखावाटी भागातल्या बाईशी कठड्यावरून गप्पा मारायच्या. तिचाही नवरा पुढे गेलेला. तिच्याकडे तिचे सासरे होते, फौजेतूनच निवृत्त झालेले, पांढऱ्या मोठ्या मिशांचे; त्यांना सगळे बाबा म्हणायचे. ती रोज संध्याकाळी आपल्या बालाजीपुढे, म्हणजे मारुतीपुढे, दिवा लावायची आणि मग टीव्हीवर नाचगाण्याचा कार्यक्रम बघायची. मला म्हणाली, दोन्ही केल्याशिवाय झोप येत नाही. मला हे फार पटलं.

मार्गशीर्ष लागला. भाजीवाल्या भैयाच्या गाडीवर भरताची वांगी दिसायला लागली. काळी, तुकतुकीत, एकेक हातभर. मी ती रोज उचलून बघायची आणि खाली ठेवायची. भैया म्हणाला, भाभीजी, लेना नहीं तो दबाओ मत. मी म्हटलं, थांब बाबा, आमचा दिवस यायचाय.

आणि एका सकाळी चहा पिता पिता आईंनी सांगून टाकलं की यंदा तळी नाही. तो आल्यावर उचलू. तोवर वांगं नाही, कांदा नाही, काही नाही.

मला आधी वाटलं, माणसं मिळणार नाहीत म्हणून म्हणताहेत. मी म्हटलं, प्रताप नगरात रेल्वेतली आपली एक-दोन कुटुंबं आहेत, त्यांना बोलावू. नको म्हणाल्या. समोरचे बाबा आहेत. नको. बरं, निदान भरीत तरी करू, पोरगी वाट बघतेय. नको. मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आधीच घरात सुतक असल्यासारखं झालंय, वर्षाचा एक आनंदाचा दिवस तोही तुम्ही काढून घ्या. सुतक हा शब्द तोंडातून गेला आणि मीच चपापले. आईंनी कप धुऊन ठेवला आणि देवघरात जाऊन बसल्या.

त्या जेवत कमी होत्या, हे मला तेव्हा नीट दिसायला लागलं. आधी दोन भाकरी खाणारी बाई, आता अर्धी चतकोर चिवडायची आणि ताट सारायची. चोळीच्या बाह्या ढगळ झाल्या होत्या. विचारलं तर म्हणायच्या, इथलं पाणी मानवत नाही. दर वर्षी येऊन राहायच्या तेव्हा मानवत होतं तेच पाणी.

चंपाषष्ठीच्या आदल्या दुपारी आम्ही गच्चीवर मटार सोलत होतो. त्यांनीच सुरुवात केली. माझे सासरे, म्हणजे आईंचे यजमान, ट्रक चालवायचे. एका चंपाषष्ठीला त्यांची गाडी घाटात अडकली. पाहुणे जेवायचे खोळंबले, उन्हं कलली, म्हणून त्यांच्या धाकट्या भावानं त्यांच्या जागी बसून तळीला हात लावला. सासरे रात्री सुखरूप आले, गार भरीत आवडीनं खाल्लं, कुणाला काही वाटलं नाही. पण पुढच्या चंपाषष्ठीला ते नव्हतेच. काविळीनं गेले. आणि त्यांच्या जागी धाकटा भाऊ बसला, तो कायमचा.

"मी त्याच्याबिगर तळी उचलली," आई म्हणाल्या, "तर देवाला वाटंल, ह्यांचं त्याच्यावाचून चालतंय."

मला त्यांचा भयंकर राग आला. तोपर्यंत ती भीती त्यांची एकटीची होती, आता तिनं माझ्याही पोटात घर केलं. कावीळ आणि तळी यांचा काय संबंध, हे मला शाळेत शिकवलेलं आहे आणि मी ते मानते. पण आपला माणूस कुठे आहे हेच माहीत नसेल, तर शाळेतलं शिक्षण किती पुरतं? मी मटार सोलत राहिले. दोन दाणे भांड्यात, एक खाली, असं चाललं होतं.

मग मी एक शहाणपणा केला. म्हटलं, आई, असं करू. यांच्या जागी कुणी माणूस नको, पाटावर एक सुपारी ठेवू आणि बाकी चौघं उचलू देत. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे पूजेला जोडीदाराच्या जागी सुपारी कधी ठेवतात. जोडीदार या जगात नसेल तर. आईंनी माझ्याकडे बघितलं, मटारचं भांडं माझ्यापुढून ओढून घेतलं आणि म्हणाल्या, तुझी जीभ लई पुढं धावती. एवढंच. त्या जागी माझी आई असती तर तिनं मला झोडपलं असतं.

दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी. आईंनी नेहमीसारखी पूजा केली, देवाला भंडारा वाहिला आणि स्वयंपाकघरात येऊन दुधी चिरायला घेतला. मी पाहिलं आणि बाहेर जाऊन अंगण झाडलं. झाडलेलंच होतं, तरी झाडलं. इतक्यात लेक फोन घेऊन धावत आली. पप्पांचा फोन.

आवाज लांबून येत होता, मध्येच तुटत होता. माझ्याशी दोन वाक्यं झाली, ठीक आहे, ठीक आहे. मग म्हणाले, आईला दे. मी फोन आईंच्या हातात दिला. त्यांना कानाला लावून ऐकू येत नाही म्हणून स्पीकर चालू केला.

हे म्हणाले, आई, आज चंपाषष्ठी, मी सकाळपासून इथे सगळ्यांना सांगतोय की आमच्या घरी आज भरीत असतं. तळी झाली का? भरीत झालं का?

आईंच्या एका हातात अर्धा दुधी होता. त्यांनी तो ओट्यावर ठेवला. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, म्हटलं आता सांगतील आणि तिकडे हे हिरमुसतील.

"झालं की समदं," आई म्हणाल्या. "तळी झाली, भरीत झालं. पात औंदा काय झ्याक मिळाली."

लेकीनं तोंड उघडलं, मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तिकडून यांनी विचारलं, तिखट केलंय का? आई म्हणाल्या, तुझ्या बायकोनं केलंय, तिखटच असणार. हे हसले. यांचं हसणं मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. मग म्हणाले,

"बरं झालं, आई. मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी थांबलाय. थांबू नका. घरी कुणी जेवायचं थांबलंय असं मनात आलं, की इथे घास उतरत नाही."

आई हो म्हणाल्या की नाही, ते यांना ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही. फोन तुटला.

आईंनी पदरानं फोन पुसला, जसा काही तो ओला झाला होता, आणि माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "खंडोबाच्या दिवशी खोटं बोलले मी. दिवस मावळायच्या आत ते खरं करायला पाहिजे. ऊठ, वांगी आण."

मी जी सुटले ती थेट गेटपर्यंत. भैयाची गाडी परत फिरायच्या बेतात होती. मी त्याची सगळ्यांत मोठी चार वांगी घेतली, कांद्याची पात घेतली, आणि भैयालाही घेतलं. म्हणजे त्याला सांगितलं की गाडी आमच्या अंगणात लाव, तुझं काम आहे. बिचारा घाबरला. त्याला वाटलं काल दिलेली गाजरं खराब निघाली. मी रस्त्यानं चालता चालता त्याला खंडोबा समजावून सांगितला. म्हणाला, हो जाएगा भाभीजी, हमारे यहाँ भैरूजी हैं, ऐसे ही हैं.

समोरच्या बाईनं अंगणात अंगीठी पेटवलेली होती. वांगी त्यावर टाकली. गॅसवर भाजलेलं वांगं आणि निखाऱ्यावर भाजलेलं वांगं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे वेगळं सांगायला नको. तिनं कारण विचारलं नाही. बाजरीचं पीठ मळायला घेतलं आणि आईंशी तिचा वाद सुरू झाला. तिच्या मते बाजरीच्या रोटीवर तूप आणि गूळ हवा, आईंच्या मते बाजरीला गूळ लावणं म्हणजे तिचा अपमान. आई वाद घालताहेत हे बघून मला इतकं बरं वाटलं, की मी दोघींची बाजू आलटून पालटून घेतली.

पुरुष जमवायचं काम लेकीनं केलं. समोरचे बाबा कोट घालून, मिशा विंचरून आले. कुणाच्या तरी घरी गिझर दुरुस्त करायला आलेला इलेक्ट्रिशियन मिळाला, त्याला तिनं स्टुलावरून उतरवलं. मंदिरातले पंडितजी आले. भैया होताच. चौघं हातपाय धुऊन पाटांवर बसले. मी ताम्हन मांडलं, भंडारा लावला. इलेक्ट्रिशियननं विचारलं की हे कशासाठी असतं. बाबा म्हणाले, फौजी के घर में पूछते नहीं, करते हैं.

पाचवा पाट रिकामा होता. मी लेकीला म्हटलं, पळ, गेटवर कुणाची ड्युटी संपली असेल तर बघ. ती चपला घालत होती, तेवढ्यात आई आल्या. हात धुतलेले, पदर खोचलेला. पाटाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, कुणी नको.

"ही जागा त्याची हाय. तो येईपर्यंत मी धरते."

आणि बसल्या. आमच्या आई. ज्यांनी उभ्या आयुष्यात तळी कधी दारातून पुढे येऊन बघितली नव्हती, ज्या मला पुरुषांच्या पंगतीत वाढताना डोक्यावर पदर घे म्हणून खुणावायच्या. पंडितजींनी माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. आईंनी उजवा हात ताम्हनाला लावला. ताम्हनातली सुपारी खुळखुळत होती. बाबांनी आपला हात थोडा सरकवून आईंच्या बाजूचं वजन आपल्याकडे घेतलं. मी सांगितलं, असं असं म्हणायचं. बाबांना एकदाच सांगावं लागलं. पहिल्या उचलीला त्यांनी ‘येळकोट येळकोट’ची अशी गर्जना केली की पारवे उडाले आणि ओळीतल्या साऱ्या खिडक्या उघडल्या. तिसऱ्या उचलीपर्यंत अंगणात बायका-पोरं गोळा झाली होती आणि सगळी ‘जय मल्हार’ म्हणत होती. मी रडत होते. मला लपवायचं नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. तिथल्या निम्म्या बायका रडत होत्या आणि हसतही होत्या.

मग पहिला नैवेद्य देवाला, दुसरा कुत्र्याला, कारण खंडोबाचं कुत्रं जेवल्याशिवाय आम्ही जेवत नाही. आमच्या ओळीतल्या लंगड्या काळूला त्या दिवशी सबंध रोडगा मिळाला. चार वांग्यांचं भरीत इतक्या माणसांत काय पुरणार, प्रत्येकाला चमचा-चमचा. पण कुणी घरून भाजी आणली, कुणी लोणचं, पंडितजींनी पेढे. भैयानं गाडीवरचे कांदे आणून ओतले आणि बाबांनी ते बुक्कीनं फोडून दिले. आई सगळ्यांत शेवटी बसल्या. भरिताचा घास घेतला, कांदा चावला, डोळे पुसले आणि म्हणाल्या की मीठ कमी पडलंय. मग सबंध भाकरी खाल्ली. शेजारणीनं आग्रह केला म्हणून गूळ लावलेली अर्धीही खाल्ली, आणि वाईट नाही म्हणाल्या.

त्यानंतर बरेच दिवस फोन आला नाही. एकदाही नाही. टीव्हीवर रोज काहीतरी यायचं, ग्रुपवर काहीतरी यायचं, आणि माझ्या घशाशी घास अडायचा. पण आई वेळ झाली की ताटं घ्यायच्या. मला बसवायच्या, लेकीला बसवायच्या. समोरची एकटी रेंगाळताना दिसली की तिलाही हाक मारायच्या. कधी भरीत, कधी पातीचं पिठलं. दर रविवारी लेकीबरोबर कोपऱ्यावर जाऊन कांद्याची कचोरी खायच्या आणि ओठ पुसत घरी यायच्या. एके दिवशी मी म्हटलं, आई, मला नाही जात. त्या रागावल्या नाहीत. माझ्या ताटात भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली आणि म्हणाल्या की त्यानं थांबू नका म्हणून सांगितलंय, त्याचा शब्द मोडू नको. देवघरात त्या आधीएवढ्याच बसायच्या. पण तिथून उठल्या की जेवायच्या. पोटभर.

हे परत आले ते होळीच्या सुमाराला. काळे पडलेले, गाल बसलेले, पायात तेच बूट. दारात उभे राहिले. लेक जाऊन बिलगली, मी जागची हललेच नाही. आई पुढे गेल्या, लिंबलोण उतरवलं आणि वर बघितलं. यांनी त्यांना खालून वर न्याहाळलं आणि हसायला लागले.

"आई, तू जाड झालीस."

"मग," आई म्हणाल्या. "तुझ्यासाठी थांबले न्हाई मी."